एकट्याचा फोटो

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी कोरियन बाई उलटी चालायची. तोंड आपल्याकडे, डोळ्याला कॅमेरा आणि पाऊल मागे. घरात, जिन्यात आणि भर रस्त्यातसुद्धा. चेन्नईच्या अण्णा नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बस वळायची, ऑटो घुसायचे आणि ही बाई त्यात पाठमोरी शिरायची. कारण समोर तिची मुलगी इडलीच्या गाड्याजवळ उभी असायची आणि मुलगी नि गाडा एका फोटोत मावत नसायचे. मी गॅलरीतून मराठीत ओरडायचे. ती मला हात करायची आणि आणखी दोन पावलं मागे जायची.

तिचं नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. मी तिला 'वरची' म्हणायचे. ती मला 'पाट्टी' म्हणायची, म्हणजे तमिळमध्ये आजी. तिची मुलगी सहा वर्षांची होती. तिचं नाव मात्र आपल्यासारखंच होतं, मीना.

मी मूळची विट्याकडची. शिक्षण चौथीपर्यंत. दिलीप माझा एकुलता मुलगा. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत त्याला चेन्नईत नोकरी लागली आणि त्यानं मला इकडे आणलं. तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. वरचीचा नवरा त्याच कंपनीत दिलीपचा साहेब होता. दोन वर्षांसाठी आला होता, बायको-मुलीला घेऊन. आम्ही दोघीही परमुलखातल्या. मला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी येणं शक्यच नव्हतं. पण भाजीवालीकडून आणि वॉचमनकडून दोघींनी थोडं थोडं तमिळ उचललं होतं. तिचं मोडकं, माझंही मोडकं. मोडक्याचं मोडक्याशी चांगलं जमायचं. खरा तमिळ माणूस मध्ये आला की दोघी गप्प व्हायचो.

सुरुवातीला एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. दिलीपचे वडील मालट्रकवर होते. ते अपघातात गेले तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. मी दळण घेऊन घरी आले तर अंगणात माणसं उभी होती आणि एक जण आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून पिशवीत घालत होता. त्यांचा एकट्याचा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून लग्नाच्या फोटोतून मला कापून त्यांचा चेहरा मोठा करून आणायचा होता. फोटो पिशवीत जाताना बघितला आणि मला कळलं. दुसऱ्या दिवशी तो हार घालून आला. त्यांच्या खांद्यापाशी माझ्या मुंडावळीचं टोक राहिलं होतं.

तेव्हापासून मी दिलीपचा एकट्याचा फोटो कोणाला काढू दिला नाही. शाळेच्या दाखल्यापुरता काढला तो काढला. बाकी कोणी कॅमेरा उचलला की मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहायचे. तो मोठा झाला, मिशा आल्या, तरी. दिलीप हसायचा. "आई, तू म्हणजे माझ्या फोटोतला शिक्का आहेस," म्हणायचा. त्याला हसायला काय जातं. तो रोज मोटरसायकलवरून कंपनीत जायचा, कंटेनरच्या रांगांमधून. तो घरातून निघाला की मी कामाला लागायचे आणि संध्याकाळी जिन्यात त्याचा बूट वाजेपर्यंत माझा कान दाराकडे असायचा. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलून काय होणार? कंटेनर कमी होणार नव्हते.

वरचीला दर शनिवारी कुठंतरी जायचं असायचं. साहेबाला कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर होता. महाबलीपुरम, कांचीपुरम, खाऱ्या पाण्याचे तलाव, मीठ करतात ती आगरं, नुसत्या ताडाच्या झाडांची शेतं. आपण ज्याला जागा म्हणणार नाही अशा जागीसुद्धा ती गाडी थांबवायची. आम्हा दोघांना बरोबर न्यायची, कारण दिलीप इंग्रजीत बोलायचा आणि मीना माझ्याजवळ शांत बसायची. त्यांचा डबा म्हणजे काळ्या कागदासारख्या कशात तरी गुंडाळलेला भात. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचे. मीना चटणी चमच्यानं खायची. वरची तिच्यावर ओरडायची आणि मग स्वतःही एक चमचा घ्यायची.

त्या सहलींमध्ये माझं एक काम ठरलेलं होतं. वरची फोटो काढायला लागली की मी तिच्यामागे उभं राहून तिचा सदरा मुठीत धरायचा. हे काम मला कोणी दिलं नव्हतं. महाबलीपुरमला ती एका खडकाच्या कडेकडे उलटी जात होती, खाली लाटा फुटत होत्या, साहेब आणि दिलीप समोर दात काढून उभे होते. कॅमेऱ्याकडे बघताना त्यांना काय दिसणार? मी धावले आणि तिचा सदरा धरला. ती मागे सरकली ती माझ्या अंगावर. तिची टाच माझ्या पायावर पडली आणि माझी टाच कडेपासून वीतभर होती.

"पाट्टी," ती मागे न बघताच म्हणाली, "भयमा?" म्हणजे घाबरलीस का.

"तुझी आई असती तर दोन लावल्या असत्या," मी मराठीत म्हटलं.

"सरी, सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं, बरं. "ओन्नु, रेंडु, मूणु." आणि बटण दाबलं.

त्यानंतर दिलीपला तिनं एकट्याला पाण्यात उभं केलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वारा सुटलेला, तो कशावरून तरी मोठ्यानं हसत होता. मी तिचा सदरा सोडला आणि लुगडं वर धरून पाण्यात शिरले, त्याचा दंड धरला. वरचीनं हातानं खूण केली, बाजूला हो, बाजूला हो. मी हलले नाही. शेवटी तिनं तसाच काढला.

आता टी. नगर, म्हणजे चेन्नईतला साड्यांचा बाजार. तिला सासूसाठी रेशमी साडी घ्यायची होती. ज्या दुकानात गेलो तिथं गल्ल्याच्या मागे भिंतीवर एका मिशीवाल्या माणसाचा मोठा फोटो होता. चंदनाचा हार, काचेवर कपाळाच्या जागी कुंकू, खाली तांबडा दिवा. वरचीला तो फार आवडला.

"इदु यारु, पाट्टी?" हे कोण?

मिशीवाल्याचा मुलगा समोरच साड्या उलगडत होता, तोंडावळा तोच. मेला ह्याला तमिळमध्ये काय म्हणतात ते मला माहीत होतं. गल्लीतून तिरडीपुढे ताशे वाजत जायचे तेव्हा वॉचमन सांगायचा, सेत्तुट्टार, गेले. पण तो शब्द मी तोंडातून काढला नाही. लेकाच्या समोर कसा काढायचा, हे एक. आणि खरं सांगायचं तर तो शब्द मला कुठल्याच भाषेत तोंडावर नको होता. मी म्हटलं, "पेरिय मनुषन." मोठा माणूस.

तिनं मान डोलावली आणि फोटोचा फोटो काढला. मग तिला नादच लागला. औषधाच्या दुकानात, डॉक्टरांच्या खोलीत, खानावळीत, जिथं हार घातलेला फोटो दिसेल तिथं ती माझ्याकडे वळून विचारायची, "पेरिय मनुषन?" मी हो हो म्हणायचे. त्या विषयातून सुटायचं असायचं मला.

दुसऱ्या वर्षी दिलीपला बढती मिळाली. मी शिरा केला आणि वर पाठवला. वरची वाटी परत द्यायला आली ती दारातूनच ओरडली, "पाट्टी! दिलीप पेरिय मनुषन!" मी हसले. म्हटलं, झाला बाई, झाला.

पुढच्या आठवड्यात दिलीप कंपनीच्या गाडीनं होसूरला गेला. एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत कंपनीत येणार होता. त्या दुपारी मी रक्त तपासायला दवाखान्यात गेले. किल्ली नेहमीसारखी वरचीकडे ठेवली. साडेतीनच्या सुमाराला परत आले तर आमचं दार उघडं होतं आणि उदबत्तीचा वास जिन्यापर्यंत आला होता.

दारातून समोरची भिंत दिसते. भिंतीवर दिलीपचा फोटो होता. एकट्याचा. पाण्यातला, हसणारा. मोठी चौकट, चंदनाचा हार, काचेवर कुंकू, खाली तांबडा दिवा. आणि त्याच्या दंडावर माझी चार बोटं. बाकी माझं सगळं अंग कापून टाकलेलं.

मी ओरडले नाही. लोक सांगतात किंकाळी फुटते वगैरे, तसं काही झालं नाही. मी उंबऱ्यावर बसले एवढंच. पिशवी कुठं पडली माहीत नाही. डोक्यात एकच होतं, ह्या वेळीही मला कोणी सांगितलं नाही. ह्या वेळीही फोटो आधी आला.

खोलीत कुठंतरी 'ओन्नु, रेंडु, मूणु' झालं आणि टक् असा आवाज आला. तेव्हा मला ती दिसली. वरची कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभी होती, शेजारी मीना नवा फ्रॉक घालून.

"कधी?" मी विचारलं. "कुठं झालं?" हे मराठीत. तिला ते कळलं नाही. मग मी तमिळमध्ये विचारलं, "दिलीप एंगे?" दिलीप कुठं आहे?

ती हसली आणि तिनं भिंतीकडे बोट केलं. "अंगे." तिथं.

आज हे लिहिताना सोपं वाटतं. आनंदानं हसणारी बाई मेलेल्याची बातमी देते का, एवढं मला कळायला हवं होतं. पण त्या वेळी माझ्याकडे डोकं नव्हतंच. मी गुडघ्यावर सरकत फोनपाशी गेले आणि दिलीपचा मोबाईल लावला. बंद होता. परत लावला. बंद. एव्हाना वरचीच्या लक्षात आलं होतं की काहीतरी बिघडलं आहे. ती कॅमेरा ठेवून माझ्याजवळ आली, मी तिला ढकललं. मीना रडायला लागली. ते ऐकून खालून वॉचमन आला. त्यानं दारातून भिंतीकडे बघितलं, "अय्यय्यो!" म्हणाला, डोक्यावरची टोपी काढली आणि कपाळावर हात मारून घेतला.

झालं. आता शंका उरली नाही. वॉचमनला सगळं ठाऊक असतं.

तो गॅलरीत जाऊन ओरडला आणि दहा मिनिटांत बिल्डिंगमधल्या बायका घरात. चपला बाहेर काढून, एकेक करून. समोरच्या घरातली मामी माझ्याजवळ बसली आणि तिनं माझा खांदा धरला. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. कोणी काही विचारत नव्हतं. तेच माझ्या ओळखीचं होतं. मी भिंतीकडे बघत नव्हते. फरशीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते की मी हे उठून मान्य करेपर्यंत ते खरं होणार नाही. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. मला तो सबंध एक जन्म वाटला. मामी नंतर म्हणाली, पंधरा मिनिटं.

एवढ्या वेळात वरचीनं एक काम केलं. ती एकटीच फोनपाशी गेली आणि तिनं नवऱ्याला फोन लावला. तिच्या भाषेत काय बोलली कोण जाणे. मग फोन ठेवून ती त्याच्याजवळ उभी राहिली. फोन वाजला तसा तिनं उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"आई? काय झालं? साहेब मला जेवणावरून उठवून घेऊन आले."

मी फोन दोन्ही हातांनी कानाला दाबून धरला.

"आई, बोल ना!"

"कुठं आहेस?"

"कंपनीत. जेवतोय."

"एवढ्या उशिरा?"

"गाडी पंक्चर झाली होती. मोबाईलची बॅटरी गेली. पण झालं काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेव."

मी उठले आणि फोटोवरचा हार ओढून तोडला. चंदनाच्या चिपा घरभर झाल्या. दिव्याची वायर उपटली. पदरानं काच पुसायला लागले तर कुंकू जास्तच पसरलं, त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर. मग मी वरचीकडे वळले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. मराठीत, पण तिला सगळं कळलं. माझ्या घरात परत पाऊल टाकू नकोस, हे शेवटचं होतं. वॉचमन मध्ये पडला. त्यानं तिला फोटो दाखवला, तुटका हार दाखवला, डोळे मिटून मान एका बाजूला टाकून दाखवली. तिचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती निघून गेली.

पंधरा दिवस ती खाली आली नाही. जिन्यात मी दिसले की भिंतीला चिकटून उभी राहायची. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

दिलीपनं मला दोन-तीनदा समजावलं. "आई, तिनं मानानं केलं गं. इथं प्रत्येक दुकानात बघितलं ना तिनं."

"बघितलं, मग विचारायचं कोणाला तरी!"

"विचारलं असेल की. कोणाला विचारलं असेल?"

त्यानं सहज म्हटलं. मी पोळी लाटत होते, ती तव्यावर टाकायची राहिली. मलाच विचारलं होतं. एकदा नाही, वीस वेळा. आणि दर वेळी मी हो म्हटलं होतं.

त्यांची दोन वर्षं संपत आली होती. सामान बांधायला माणसं यायला लागली, तेव्हा एका सकाळी मी वर गेले. तिच्या घरात मी पहिल्यांदाच जात होते, नेहमी तीच खाली यायची. फरशीवर फोटोंचे गठ्ठे पसरले होते, सुतळीनं बांधलेले. ताडाची झाडं, मिठाचे ढीग, मीना, मीना, मीना. ती त्यात बसली होती. मला बघून ताडकन उठली, मग गुडघे टेकले आणि डोकं फरशीला लावलं. त्यांच्यात तशी पद्धत असावी.

"ऊठ," मी म्हटलं. "ऊठ आधी."

ती उठली नाही म्हणून मीही खाली बसले. टी. नगरच्या दुकानातला फोटो मी गठ्ठ्यातून शोधून काढला आणि मिशीवाल्यावर बोट ठेवलं. "सेत्तुट्टार," मी म्हटलं. हा गेलेला आहे. मग छातीवर हात ठेवून म्हटलं, "नान सोल्ललै." मी सांगितलं नाही.

तिनं फोटो हातात घेऊन बघितला. मग तिनं विचारलं, "भयमा?"

"हो," मी म्हटलं. "भयम." दिलीपच्या वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी ही कबुली पहिल्यांदा दिली, तीही परक्या भाषेत.

तिनं पेटीतून एक पाकीट काढलं. त्यात एकच फोटो होता. मी उंबऱ्यावर बसलेली. तिनं माझा आनंद टिपायला बटण दाबलं होतं. तिला तो फाडवत नव्हता आणि बरोबर नेववतही नव्हता. मी बघितला. मला ते कोण आहे हे ओळखायला वेळ लागला. तिनं फोटो आणि त्याची निगेटिव्ह माझ्या हातात दिली. मी दोन्ही पदराखाली घेतली आणि खाली आले.

फोटो मी संध्याकाळी दिलीपच्या ताटाशेजारी ठेवला. तो फोटो उचलून बघत राहिला, हात उष्टा तसाच. मग त्यानं तो पालथा घातला आणि जेवण न संपवता उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन वाजला. "आई, पोचलो," तो म्हणाला. त्यानंतर रोज. लग्न झालं, दोन मुलं झाली, दुसऱ्या गावी बदली झाली, तरी तो कुठंही पोचला की फोन करतो. मला हसायचं मात्र त्यानं सोडलं. त्याचं मला थोडं वाईट वाटतं.

दिलीपचा पाण्यातला फोटो मी काच धुऊन माझ्या लुगड्यांच्या खाली ठेवला आहे. फोटो चांगला आहे, ते नाकारत नाही. पण मी आहे तोवर तो भिंतीवर लागणार नाही.

त्यांची गाडी विमानतळाकडे निघाली तेव्हा वरची माझ्याजवळ आली. कॅमेरा बॅगेत होता. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मी मीनाच्या हातात चटणीचा डबा दिला. मग दिलीपला म्हटलं, हिला सांग, घरी पोचलीस की फोन कर. दिलीपनं इंग्रजीत सांगितलं. तिनं पाठ करत असल्यासारखी मान हलवली. गाडी वळेपर्यंत ती मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती. विमान म्हणजे काय, मी तोवर आकाशातच बघितलेलं. एवढा लोखंडाचा बोजा वर कसा राहतो? मी दोन दिवस धड जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आधी नुसती खरखर, मग समुद्राच्या तळातून यावा तसा आवाज.

"पाट्टी? वंदाच्चु." आले, पोचले.

"मीना?"

"मीना वंदाच्चु."

"साहेब?"

"वंदाच्चु."

"सरी," मी म्हटलं.

"सरी," ती म्हणाली.

दोघींचंही तमिळ तिथं संपलं. तरी तिनं फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.